एक शरीर व दोन कबरस्तानें

धर्म कोणताही असो, त्याची खरी परीक्षा पंक्तींत आणि स्मशानांत होते. ग्रंथांत सर्वच धर्म गोड बोलतात. देवाचीं लेंकरें सारीं सारखीं, हें वाक्य ज्याच्या पोथींत नाहीं असा धर्म शोधूनही सांपडावयाचा नाहीं. पण पंगत बसली म्हणजे कोणाचें पान कोठें मांडलें, आणि माणूस मेला म्हणजे त्याला कोणत्या वाटेनें नेलें, हें पाहिलें कीं बोलण्याचा खरेखोटेपणा तेव्हांच कळून येतो. आज या कसोटीला आम्ही ख्रिस्ती धर्मांतील एक मुख्य मत लावून पाहणार आहों. मनुष्याचें तारण ख्रिस्ताशीं एक झाल्यानें होतें, हें तें मत होय.

आम्ही ख्रिस्ती नाहीं. कोणी ख्रिस्ती व्हावें किंवा होऊं नये हें सांगण्यासाठीं ही लेखणी उचललेली नाहीं. ज्याचा विश्वास त्याच्यापाशीं. मग परक्याच्या घरांत डोकावण्याचें कारण काय, असें कोणी विचारील तर आमचें उत्तर सरळ आहे. तें घर परकें नाहीं. नगर, जालना, सोलापूर या बाजूच्या खेड्यापाड्यांतून ज्यांच्या पणज्यांनीं बाप्तिस्मा घेतला ते कोणी विलायतेहून आगबोटींतून उतरलेले नव्हते. ते महारवाड्यांतले, मांगवाड्यांतले आमचेच लोक होते. शिवाय जोतीराव फुले यांचें शिक्षण पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें, आणि १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ पुस्तकांत त्यांनीं येशू ख्रिस्तास पश्चिमेकडील बळीराजा म्हणून गौरविलें. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहींत. पण ज्याला त्यांनीं बळीराजा म्हटलें, त्याच्या नांवानें चाललेल्या घरांत काय शिजतें तें पाहण्याचा आम्हांस अधिकार आहे.

प्रथम तें मत काय आहे तें समजून घेऊं. आमच्या लोकांचा असा समज असतो कीं, येशू आपल्या पापांसाठीं मेला हें खरें मानलें म्हणजे स्वर्गाचें तिकीट मिळालें, एवढाच ख्रिस्ती धर्म. बाजारांत उभे राहून पत्रकें वांटणारे उपदेशकही पुष्कळदां एवढेंच सांगतात. परंतु ज्या प्रेषित पौलाच्या पत्रांवर या धर्माची इमारत उभी आहे, त्याचें म्हणणें याहून खोल आहे. ‘ख्रिस्ताच्या ठायीं’ या अर्थाचे शब्द त्याच्या पत्रांतून शंभराहून अधिक वेळां येतात. आडॉल्फ डाइसमान या जर्मन पंडितानें १८९२ सालीं केवळ या शब्दांवर एक पुस्तक लिहिलें. आफ्रिकेंत जाऊन रोग्यांची सेवा करणारे डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांनीं १९३० सालच्या आपल्या ग्रंथांत, पौलाच्या शिकवणुकीचा गाभा हाच, असा निकाल दिला. दूर कोठें तरी एक तारणारा उभा आहे आणि आम्ही त्याच्या नांवाचा जयजयकार करितों, एवढ्यानें पौलाचें समाधान होत नाहीं. मनुष्य ख्रिस्तांत गेला पाहिजे, ख्रिस्त मनुष्यांत आला पाहिजे. त्याचें मरण तें याचें मरण, त्याचें उठणें तें याचें उठणें. बाप्तिस्म्याचा अर्थही पौल असाच करितो. रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या ६व्या अध्यायांत तो सांगतो कीं, बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो. वाचकांनीं हा ‘पुरला जातो’ शब्द ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

शेतकऱ्यास हें मत कलमाच्या दृष्टांतानें चटकन् कळेल. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. काडी जवळ ठेवली, सुतळीनें आंवळली, एवढ्यानें कलम होत नाहीं. दोहोंच्या सालीखालचा ओला भाग एकजीव होऊन एकाचा रस दुसऱ्यांत वाहूं लागला म्हणजे कलम लागलें असें आपण म्हणतों. पौलानें त्याच पत्राच्या ११व्या अध्यायांत हाच दृष्टांत घेतला आहे. त्याच्या देशांत आंबा नव्हता म्हणून त्यानें जैतुनाचें झाड घेतलें. मौज अशी कीं, आमचा माळी गांवठी खुंटावर चांगल्या जातीची काडी बांधतो, आणि पौल सांगतो तें नेमकें उलट आहे. चांगल्या जातिवंत झाडावर रानटी झाडाची काडी! हें निसर्गाच्या रीतीविरुद्ध आहे, असें तो स्वतःच कबूल करितो. पण देवानें तें केलें, असें त्याचें म्हणणें. ज्याला जग रानटी म्हणून लाथाडतें, त्यालाच मुळाचा रस मिळाला. आणि लगेच तो बजावतो कीं फांदीनें ताठूं नये. मूळ फांदीला पोसतें, फांदी मुळाला पोसत नाहीं.

कोणी म्हणेल, ऐक्य ऐक्य म्हणून काय सांगतां, आमच्या वेदांत्यांनीं तें केव्हांच सांगून ठेविलें आहे. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. वेदांत्याचें ऐक्य मिठाच्या खड्यासारखें. पाण्यांत पडला कीं खडा उरत नाहीं. ख्रिस्ती मतांत काडी काडीच राहते, तिला तिचें पान, तिचा मोहर येतो; फक्त ती झाडाच्या जिवावर जगते. शिवाय ज्या देशांत सर्व जीव एकच ब्रह्म असें सांगणाऱ्यांनींच सावलीचा विटाळ धरिला, त्या देशांत कोरड्या ऐक्याची किंमत आम्हांस चांगली ठाऊक आहे. म्हणूनच आम्ही कोणतेंही ऐक्य पंक्तींत तपासून घेतों.

आतां सत्यशोधकाच्या मनांत एक शंका आल्यावांचून राहणार नाहीं. १८७३ च्या सप्टेंबरांत पुण्यास सत्यशोधक समाज निघाला तो या तत्त्वावर कीं, निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्यें दलाल नको. मग हा ख्रिस्त कोण? बायबलांतच त्याला मध्यस्थ म्हटलें आहे. भटजीला उठवून पाद्र्याला पाटावर बसविलें तर त्यांत मिळविलें काय? शंका रास्त आहे आणि तिला बगल देणें बरें नव्हे. दलाल कोणाला म्हणतात? पेठेंतला अडत्या डोळ्यांपुढें आणा. शेतकरी एका बाजूस, व्यापारी दुसऱ्या बाजूस, मध्यें रुमालाखालीं बोटें दाबून भाव करणारा हा. दोघांची उघड गांठ पडूं न देणें यांतच याचें पोट. ज्या दिवशीं ते दोघे समोरासमोर बसतील त्या दिवशीं याची अडत बुडाली. भटजीचें मध्यस्थपण या जातीचें आहे. देव व माणूस यांतलें अंतर हेंच त्याचें भांडवल. पौल ज्या ख्रिस्ताविषयीं बोलतो तो मधली जागा अडवून बसत नाहीं. तो माणसाला आपल्यांत घेतो आणि अंतरच मोडून टाकितो. फांदीला झाडाचा रस मिळावयास कोणाला दक्षिणा द्यावी लागत नाहीं. तेव्हां हें मत जितकें खरें मानावें तितकी पुरोहिताची जरूरी कमी होते.

पण ख्रिस्ती लोकांनीं तें नेहमींच खरें मानलें असें मात्र नव्हे. युरोपांत सोळाव्या शतकाच्या आरंभीं पापाची शिक्षा माफ झाल्याचीं पत्रें पैसे घेऊन विकलीं जात होतीं. हें दुकान पाहून १५१७ सालीं मार्टिन लूथर खवळून उठला. पुढें १५२० सालीं त्यानें ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें, त्यांत त्यानें लग्नाचा दृष्टांत घेतला आहे. लग्न झालें म्हणजे नवऱ्याचें तें बायकोचें आणि बायकोचें तें नवऱ्याचें. तसें माणसाचें पाप ख्रिस्ताच्या अंगावर जातें व ख्रिस्ताचें पुण्य माणसाला मिळतें, हा त्याचा अर्थ. नवराबायकोच्या मध्यें तिसऱ्यानें बसून वर्गणी गोळा करावयाची नसते, हें त्यांत आलेंच.

आतां पंक्तीकडे वळूं. पौलाच्या तोंडीं या मताचा सर्वांत प्रसिद्ध उच्चार आहे तो असा कीं, आतां जगतो तो मी नव्हे, माझ्यामध्यें ख्रिस्तच जगतो. हा उच्चार मोठमोठ्या व्याख्यानांतून ऐकावयास मिळतो. पण तो कोणत्या प्रसंगीं निघाला हें फार थोडे सांगतात. तो समाधींतून निघाला नाहीं, तो जेवणाच्या पंक्तीवरील भांडणांतून निघाला! गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा २रा अध्याय काढून पाहावा. सीरियांतील अंत्युखिया शहरीं यहूदी ख्रिस्ती व परजातीय ख्रिस्ती एका पंक्तीला जेवीत असत. प्रेषित पेत्रही त्यांत बसे. इतक्यांत यरुशलेमहून याकोबाकडचीं कांहीं कर्मठ माणसें आलीं. त्यांना पाहतांच पेत्राला जातीची भीति वाटली, आणि तो हळूच पंक्तींतून उठून वेगळा बसूं लागला. त्याचें पाहून बाकीचे यहूदी उठले. पौलाचा जिवलग सोबती बर्णबा, तोही उठला. आमच्या वाचकांस हा देखावा अनोळखी वाटणार नाहीं. सहभोजनाला येतों म्हणून सांगणारे आणि गांवचा पाटील दारांत दिसतांच पोट बिघडल्याचें निमित्त करणारे सुधारक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पौलानें काय केलें? पेत्र हा येशूच्या खास शिष्यांतला वडील शिष्य. त्याचा मान राखून एकांतांत दोन शब्द सांगावे, असें पौलास वाटलें नाहीं. त्यानें भर सभेंत त्याच्या तोंडावर सांगितलें कीं तुझें हें वागणें खोटें आहे. आणि हें सांगून झाल्यावर, त्याच ओघांत, ख्रिस्त माझ्यामध्यें जगतो हें वाक्य येतें. पुढच्याच अध्यायांत तो सांगतो कीं ख्रिस्ताच्या ठायीं यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद राहत नाहीं. म्हणजे ख्रिस्ताशीं ऐक्य आणि एका पंक्तींत बसणें या दोन गोष्टी पौलाच्या लेखीं निरनिराळ्या नव्हत्याच. एकाच पानावर, एकाच शाईनें त्या लिहिल्या गेल्या. जो पंक्तींतून उठला तो ख्रिस्तांतूनच उठला, असा त्याचा रोखठोक हिशेब होता.

करिंथ शहरच्या मंडळींतही असाच प्रसंग आला. तेथें भेद गरीब-श्रीमंतीचा होता. प्रभुभोजनाला पैसेवाले आधीं येऊन खाऊन पिऊन तृप्त होत, आणि ज्यांच्यापाशीं कांहीं नाहीं ते उपाशी राहत. पौलानें त्यांस लिहिलें कीं तुम्ही जें खातां तें प्रभूचें भोजन नव्हेच. भाकर एक, ती खाणारे अनेक, म्हणून ते अनेक मिळून एक शरीर, हा त्याचा सिद्धांत. त्याच पत्राच्या १२व्या अध्यायांत तो शरीराचें वर्णन करितो: डोळ्यानें हाताला तूं नकोस असें म्हणतां येत नाहीं, डोक्यानें पायांना तसें म्हणतां येत नाहीं, आणि जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक जरूरीचे.

वाचकहो, शरीराचा दृष्टांत आम्हांसही नवीन नाहीं! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत पुरुषसूक्त आहे. त्यांतही एक मोठें शरीर आहे, आणि त्याच्या मुखाशीं ब्राह्मण, बाहूंशीं क्षत्रिय, मांड्यांशीं वैश्य व पायांशीं शूद्र जोडला आहे. दोन्ही ठिकाणीं शरीरच, पण उपयोग पाहा. एका शरीरांत कोण कोणत्या अवयवाचा यावरून पायरी ठरली, आणि पाय तो कायमचा पाय राहिला. त्याला दुखलें म्हणून मुखानें कधीं हाय केलें नाहीं. दुसऱ्या शरीरांत एक अवयव दुखला कीं सर्वांनीं दुखावें आणि पायाला मान अधिक द्यावा, असें ठरलें. जो माणूस पहिल्या शरीरांतून निघून दुसऱ्यांत गेला तो काय आशेनें गेला असेल हें आम्ही समजूं शकतों. म्हणूनच तेथेंही त्याला पायच ठरविण्यांत आलें हें ऐकून आमच्या पोटांत कालवतें.

तसें ठरविण्यांत आलें, याला इतिहास साक्ष आहे. अमेरिकेंत अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया शहरांतील एका चर्चांत काळ्या लोकांना प्रार्थना चालू असतां गुडघ्यांवरून ओढून उठविण्यांत आलें, कारण ते गोऱ्यांच्या जागीं बसले होते. त्यांतील रिचर्ड ॲलन यानें १७९४ सालीं आपल्या लोकांचें निराळें चर्च उभारलें. त्याच अमेरिकेंतील ज्या भल्या लोकांनीं गुलामगिरी मोडण्यासाठीं झीज सोसली, त्यांस जोतीरावांनीं आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक अर्पण केलें. एकाच धर्मांत दोन्ही प्रकारचीं माणसें होतीं. बायबल दोघांच्याही हातांत होतें, पण एकास ख्रिस्ताचें शरीर दिसलें आणि दुसऱ्यास केवळ कातडीचा रंग.

आमच्या देशांत कातडीची जागा जातीनें घेतली. १६०६ सालीं रॉबर्ट द नोबिली हा इटालियन पाद्री मदुरेस आला. त्यानें ब्राह्मण संन्याशाचा वेष घेतला, वरच्या जातींना ख्रिस्ती होऊनही शेंडी-जानवें ठेवण्याची मोकळीक दिली, आणि १६२३ सालीं पोपनेंही तिला मान्यता दिली. पुढें वरच्या जातींसाठीं एक पाद्री व खालच्यांसाठीं निराळा पाद्री अशी वाटणी झाली. त्यानें माणसें मिळालीं, परंतु विटाळही बाप्तिस्मा घेऊन आंत आला. प्रॉटेस्टंटांनीं तरी काय केलें? तरंगमबाडीच्या ल्यूथरन मिशनमध्यें शूद्र ख्रिस्ती व परैया ख्रिस्ती यांच्या बसावयाच्या जागा वेगळ्या असत. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनीं जातिभेद ताबडतोब व कायमचा टाकला पाहिजे असें फर्मान काढलें, तेव्हां तंजावराकडील पुष्कळ वरच्या जातीचे ख्रिस्ती मंडळी सोडून चालते झाले. ख्रिस्त सुटला तरी चालेल, जात सुटतां कामा नये!

तिरुनेलवेली जिल्ह्यांत वडक्कनकुलम म्हणून गांव आहे. तेथें १८७२ सालीं कॅथोलिकांनीं एक विचित्र चर्च बांधलें. त्याला तुमानीसारखे दोन पाय. एका पायांत वेळाळ बसावयाचे, दुसऱ्यांत नाडार व इतर; वेदी मात्र दोघांना एक. म्हणजे ख्रिस्ताचें शरीर एक म्हणावयाचें आणि देवळाच्या भिंतीनें त्याचे दोन तुकडे करावयाचे. १९१० सालीं चर्चच्या वरिष्ठांनीं मधला अडसर काढून टाकला. तेव्हां वेळाळ मंडळी मद्रास हायकोर्टापर्यंत भांडत गेली, आणि कोर्टानें त्यांचा दावा उचलून धरला नाहीं. पौलाचें काम इंग्रजी कोर्टाला करावें लागलें, याला काय म्हणावें?

हें जुनें झालें, असें कोणी समजूं नये. २००३ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं तामिळनाडूच्या बिशपांना जातिभेद सोडण्याविषयीं कानउघाडणी केली. २०१६ सालीं भारतांतील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनें दलितांसंबंधीं धोरण जाहीर केलें, व त्यांत चर्चमध्यें अस्पृश्यता आहे हें कबूल करून ती गेली पाहिजे असें म्हटलें. २०२२ सालीं हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे कार्डिनल झाले. दलितांतून त्या पदावर गेलेले ते पहिलेच. या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण दक्षिणेंत कांहीं गांवांतून दलित ख्रिस्त्यांसाठीं वेगळें कबरस्तान, नाहीं तर एकाच कबरस्तानांत मधें भिंत, हा प्रकार एकविसाव्या शतकांतही लोकांनीं पाहिला आहे.

आतां तो ‘पुरला जातो’ शब्द काढा. बाप्तिस्मा घेणारा प्रत्येक जण ख्रिस्ताबरोबर पुरला गेला, असें यांचें शास्त्र सांगतें. म्हणजे वेळाळ, नाडार, परैया, महार, मांग, ब्राह्मण जे कोणी ख्रिस्ती झाले ते सर्व एकाच कबरेंत जाऊन आले! ज्यांनीं एक कबर वांटून घेतली त्यांस एक कबरस्तान वांटून घेतां येत नाहीं? ती भिंत कोणत्या दोन माणसांच्या मध्यें उभी आहे? शास्त्र खरें धरलें तर भिंतीच्या अलीकडेही ख्रिस्त पुरला आहे आणि पलीकडेही ख्रिस्तच पुरला आहे. मग विटाळ कोणाचा कोणाला?

आमच्या मराठी मुलखांतला प्रकार दक्षिणेइतका उघडावाघडा नाहीं, हें सांगितलें पाहिजे. १८३९ सालीं नगरास हरि रामचंद्र खिस्ती या ब्राह्मणानें बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें त्याच भागांत महार-मांगांतून शेंकडों कुटुंबें ख्रिस्ती झालीं. लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावरही कांहीं वर्षें त्या सोवळें पाळून वेगळ्या राहिल्या. जात माणसानें केली, देवानें नव्हे, हें पटल्यावर त्यांनीं प्रथम कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचा निश्चय केला, आणि मग त्या ख्रिस्ती झाल्या. आधीं पंगत, मागाहून पाणी! आमच्या मतें हा क्रम कित्येक पाद्र्यांच्या क्रमाहून शहाणपणाचा होता. स्वतः टिळकांनीं १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ काढिला, त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाही जागा ठेविली. पण मुलामुलींचीं लग्नें जुळवितांना पूर्वीची जात विचारण्याची चाल येथेंही पार गेली आहे काय? गोव्यांत कांहीं गांवच्या चर्चांतून कोणत्या जातीनें कोणत्या रंगाचा झगा अंगावर घेऊन मिरवणुकींत चालावें, याचे तंटे झाले नाहींत काय? ख्रिस्ती बंधूंनीं याचें उत्तर आम्हांस देऊं नये, स्वतःस द्यावें.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३८ सालीं सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढें भाषण केलें, तेव्हां ख्रिस्ताविषयीं आदर दाखवूनही दक्षिणेंतील चर्चांतल्या जातिभेदावर त्यांनीं बोट ठेविलें. १९५६ सालीं लाखो लोकांस घेऊन ते कोणत्या मार्गानें गेले हें जगजाहीर आहे. त्यांच्या निर्णयाचीं कारणें पुष्कळ होतीं. पण चर्चांत शिरलेली जात त्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती, एवढें खास.

या गोष्टीचा एक कायद्याचा कांटाही आहे. १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशानें हिंदूंखेरीज इतरांस त्या सवलतींतून वगळलें. १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. २००७ सालीं रंगनाथ मिश्र आयोगानें धर्माची अट काढावी असें सुचविलें, पण तेवढ्यानें ती निघाली नाहीं. आतां त्या गरीब दलित ख्रिस्त्याची स्थिति पाहा. सरकार त्याला म्हणतें, तूं ख्रिस्ती झालास, तुझी जात गेली, सवलत मागूं नको. कबरस्तानाची भिंत त्याला म्हणते, तूं ख्रिस्ती झालास तरी तुझी जात गेली नाहीं, इकडे येऊं नको. दोन्हीकडून मार त्यालाच! चर्चचे पुढारी दिल्लीस जाऊन आमच्यांत जात आहे म्हणून सवलत द्या असें सांगतात. तें खरेंच आहे, व ती मागणी न्याय्य आहे असें आमचेंही मत आहे. पण दिल्लीहून परत आल्यावर ती जात मोडण्यासाठीं त्यांनीं आपल्या गांवांत काय केलें, हेंही विचारलें पाहिजे.

यावर दोन उत्तरें नेहमीं दिलीं जातात. पहिलें असें कीं, ख्रिस्तांतील ऐक्य हें आत्म्याचें आहे, व्यवहारांत भेद राहिला तर त्यास बाध येत नाहीं. हें उत्तर आम्ही ओळखतों. देवापुढें सर्व सारखे, पण देवळाबाहेरून दर्शन घ्या, असें सांगणाऱ्या सनातनी शास्त्र्याच्या तोंडचेंच हें वाक्य आहे; फक्त गंध पुसून त्याच्या गळ्यांत क्रूस घातला आहे. अंत्युखियास पेत्रालाही हें उत्तर देतां आलें असतें. पौलानें तें चालूं दिलें नसतें, हें त्याच्या पत्रावरून उघड आहे. दुसरें उत्तर असें कीं, मनें हळूहळू बदलतात, घाई केली तर मंडळी फुटेल. बिशप विल्सन यांच्या फर्मानाला १९० वर्षांवर होऊन गेलीं. कलम लागलें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं माळी इतका काळ थांबत नाहीं. काडीला रस पोंचत नसेल तर ती वाळते, आणि कितीही सुतळी गुंडाळली तरी तिला पालवी फुटत नाहीं.

पौलाची बाजू घेतांना त्याचें उणेंही झांकूं नये. अनेसिम नांवाचा दास त्याच्याकडे आला, तेव्हां त्यानें त्याला धन्याकडे परत धाडलें, आणि दास म्हणून न घेतां भाऊ म्हणून घे अशी धन्यास चिठ्ठी दिली. भाऊ म्हणून घे हें ठीक. पण दास ठेवूं नको, असें त्यानें स्पष्ट लिहिलें नाहीं. त्या न लिहिलेल्या वाक्याचा फायदा पुढें शतकानुशतकें गुलामांच्या व्यापाऱ्यांनीं घेतला. म्हणून आम्ही म्हणतों कीं तत्त्व कितीही थोर असो, तें भाकरींत, विहिरींत, लग्नांत व मातींत उतरविल्यावांचून त्याचा गरिबास उपयोग नाहीं. उतरविण्याचें काम थोर तत्त्व सांगणाऱ्याचें जितकें, तितकेंच तें मानणाऱ्यांचें आहे.

हें वाचून आमचे कांहीं हिंदु वाचक मिशांना पीळ देतील, त्यांनीं जरा थांबावें. चर्चांत शिरलेली ती घाण गेली कोणाच्या घरून? नोबिलीनें जानवें रोमहून आणलें नव्हतें. तुमच्या गांवांत स्मशानें किती आहेत तें मोजा. पाणवठ्यावर, चहाच्या दुकानांत, लग्नाच्या मांडवांत तुमचें पान कोणाशेजारीं असतें तें आठवा. तुम्ही निदान एक शरीर असल्याचा दावा केलेला नाहीं, एवढाच तुमचा बचाव; आणि तो बचाव म्हणजे अब्रू नव्हे.

ख्रिस्ती बंधूंस आमचें सांगणें थोडें आहे. तुम्हांस आम्ही नवा धर्म सांगत नाहीं, तुमचाच तुम्हांस वाचून दाखवितों. ख्रिस्ताशीं एक झाल्यानें तारण होतें, हें तुम्ही मनापासून मानीत असाल तर जो तुमच्याशेजारीं तीच भाकर मोडून खातो त्याला वेगळें ठेवून तुमचें तारण व्हावयाचें नाहीं, हें तुमच्याच शास्त्रानें ठरतें. जेथें भिंत आहे तेथें ती पाडा. जेथें प्याला निराळा आहे तेथें तो फोडा. पोरीचें स्थळ पाहतांना पाळकानें पूर्वीच्या जातीची चौकशी केली तर अंत्युखियांत पौल बोलला तसें त्याच्या तोंडावर बोला. हें तुमच्यानें होत नसेल, तर येत्या रविवारीं भाकर हातांत घेतांना तिला ख्रिस्ताचें शरीर म्हणूं नका.